अकराव्या नंबरची चूक माझी होती

हमीद,

काल तुझा बिसवा झाला. भाभींनी गल्लीतली चार घरं आणि मला बोलावलं होतं. मी सगळ्यांच्या मागे, चपला काढतात तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. आत फातेहा चालली होती आणि माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. तुमच्यात तीजा, दसवा, बिसवा, चाळीसवा. आमच्यात दहावा, बारावा, तेरावा. माणूस गेला की दोन्हीकडे आकड्यांना शेपट्या फुटतात, आणि आकड्यांना शेपट्या लावणं हे तर तुझं-माझं पोटापाण्याचं काम. तू शेजारी असतास तर कानात म्हणाला असतास, ‘दिल्या, याचा पण एक प्रोग्राम लिहून टाकू.’ मला हसू फुटलं. पुढच्या रांगेतल्या चाचांनी वळून पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यानंतर जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. भाभींनी तुझ्या लेकीच्या, नाझनीनच्या हाती पाणी पाठवलं.

सगळ्यांना वाटलं मी तू गेलास म्हणून रडतोय. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. सोळा वर्षांपूर्वी सांगायला हवी होती अशी एक गोष्ट सांगायला मी तू गेल्यावर निघालो. दोन ठिकाणी सांगून पाहिली. दोन्हीकडे मला चहा मिळाला, दोन्हीकडे माझं कौतुक झालं आणि माझं म्हणणं कोणी मानलं नाही. म्हणून आता तुलाच लिहितोय. तुला तर ही गोष्ट त्या दिवसापासूनच माहीत आहे.

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आपलं दुकान. पुढे झेरॉक्स मशीन आणि माझं टेबल, मागे हिरवा पडदा आणि पडद्याआड तुझं टेबल. शाळांसाठी प्रोग्राम लिहायचे, दाखले आणि गुणपत्रकं छापून द्यायची. शाळेचे लोक आले की मी बोलायचो, आणि ते गेले की तू काम करायचास. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा प्रत्येक शाळेच्या प्रत्येक दाखल्यावर ते बदलायचं काम आलं. तू एक शब्द न बोलता तीन दिवसांत ते उरकलंस आणि चौथ्या दिवशी म्हणालास, ‘आता नवीन नावाला सवय होईपर्यंत कोणी पिनकोड बदलू नये म्हणजे झालं.’

तुझी एक सवय होती, आणि तिच्यावरून आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. कुठलीही नवी फाइल उघडलीस की पहिल्या ओळीत तू तुझं नाव टाकायचास. लिहिणार हमीद, आणि पुढे तारीख. मला त्याची गंमत वाटायची.

‘आपल्याला काय पेटंट घ्यायचंय का?’ मी विचारायचो.

‘पेटंटचं नाय रे. ज्यानं लिहिलं त्यानं नाव टाकावं. उद्या बिघडलं तर लोकांनी हाक कोणाला मारायची?’

‘दोघंच तर आहोत आपण. मला मार नाय तर स्वतःला मार.’

‘तू टाक रे बाबा तुझं नाव. लई नाही, एक ओळ आहे.’

मी ती एक ओळ कधी टाकली नाही. नवं काही लिहायचं असलं की मी तुझी एखादी जुनी फाइल कॉपी करायचो, आतलं पुसायचो आणि माझं लिहायचो. वरची ओळ तशीच राहायची. त्यात कपट काही नव्हतं, निव्वळ आळस होता. पण आळशी माणसाचं पाप मोजायला गेलं तर कपटी माणसापेक्षा कमी भरत नाही, हे मला गंगापूरला कळलं.

गंगापूरच्या त्या शाळेने तेव्हा नुकतेच सेमी-इंग्रजीचे वर्ग काढले होते. सामान्य ज्ञानाची परीक्षा घेतली आणि पहिल्या पन्नास मुलांना इंग्रजीत सर्टिफिकेट द्यायचं ठरलं. मुलाचं नाव, खाली त्याचा नंबर. इंग्रजीत पहिल्याला एसटी लागतं, दुसऱ्याला एनडी, तिसऱ्याला आरडी आणि चौथ्यापासून टीएच. वीस ओलांडले की पुन्हा तोच क्रम. तू बहिणीच्या लग्नाला जालन्याला गेला होतास. म्हटलं, एवढ्याशा कामासाठी तुझी वाट कशाला बघायची. तुझी तारखांची फाइल कॉपी केली, आतलं पुसलं आणि पाच ओळी लिहिल्या. आकड्याला दहाने भाग. बाकी एक उरली तर एसटी, दोन उरली तर एनडी, तीन उरली तर आरडी, बाकीच्यांना टीएच. एक ते दहा चालवून पाहिलं, बरोबर. एकवीस टाकून पाहिलं, बरोबर. स्वतःवरच खूश होऊन चहाला गेलो. अकरा, बारा आणि तेरा यांचीही बाकी एक, दोन, तीनच उरते, पण या तिघांना मात्र टीएचच लावायचं असतं, हे मला शाळेत कोणीतरी शिकवलं असणारच. त्या दिवशी काही आठवलं नाही.

कार्यक्रमाला आपण दोघं गेलो. तू नवा शर्ट घातला होतास, इस्त्रीचा, बाहीची घडी अजून मोडली नव्हती. कारण हेडमास्तरांनी तुला खास बोलावलं होतं. जूनपासून शाळेत कॉम्प्युटर शिकवायला तू जाणार, हे त्यांनी तोंडी पक्कं केलं होतं आणि बक्षिसं वाटून झाली की पालकांसमोर तुझी ओळख करून देणार होते. वाटेभर मोटरसायकलवर मागे बसून तू मला पहिल्या तासाला मुलांना काय सांगायचं ते ऐकवत होतास. म्हणालास, ‘पहिल्या दिवशी मशीन चालूच नाही करायची. पोरांना फळ्यापुढं उभं करून एकमेकांना हुकूम द्यायला लावायचे. एक पाऊल पुढं, दोन डावीकडं. मग कळतं त्यांना प्रोग्राम म्हणजे काय असतो.’ मी हो हो करत होतो.

पाहुणे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक होते. दहा मुलं झाली. अकराव्या नंबरची मुलगी आली, दोन वेण्या घातलेली. त्यांनी सर्टिफिकेट हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. समोर माइक चालू.

‘अहो सर, अकरावी आलेल्या मुलीला तुम्ही एसटीत बसवलंत की!’

सगळा मंडप हसला. त्या मुलीला कळेना आपलं काय चुकलं, ती सर्टिफिकेट घेऊ की नको करत तिथंच उभी राहिली. मग बाराव्याचं निघालं, मग तेराव्याचं. हेडमास्तर उठून पाहुण्यांच्या कानाशी गेले आणि पुढची बक्षिसं नावं न वाचताच भराभर वाटून टाकली. तुझी ओळख करून द्यायचं राहिलं.

कार्यक्रमानंतर हेडमास्तर आपल्याला कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन गेले. ‘हे कोणी केलं?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी फरशीकडे पाहिलं. तू म्हणालास, ‘बघू द्या सर,’ आणि खुर्ची ओढून शाळेच्या मशीनवर टाकलेली ती फाइल उघडलीस. तुला पहिल्या नजरेतच कळलं. तू दोन ओळींमध्ये जागा सोडायचास, मी सगळं एकाला एक चिकटवून लिहायचो. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. त्यात राग नव्हता. बोलतोस का, एवढंच विचारत होतास. मी बोललो नाही. हेडमास्तरांनी वाकून स्क्रीनवर पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

‘हे तुमचंच नाव ना?’

तू आणखी एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीतून मैदानावरच्या खुर्च्या गोळा करणारी माणसं बघत होतो.

‘हौ सर,’ तू म्हणालास. ‘नाव माझंच आहे.’

‘उर्दू शाळेतून आलात ना तुम्ही? तरीच. आणि तुम्ही आमच्या पोरांना शिकवायला येणार होता!’

तू उभा राहिलास, हात समोर बांधलेस आणि म्हणालास, ‘माफ करा सर. सगळी सर्टिफिकेटं उद्या नवीन देतो.’ जूनचं नाव त्यानंतर त्यांनीही काढलं नाही आणि तूही नाही.

तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. शाळांना आलेली सरकारी पत्रं मी तुझ्याकडून समजून घ्यायचो. हे एक वाक्य त्या खोलीत मी बोलायला हवं होतं. चूक कबूल करायची हिंमत नव्हती तर निदान हे तरी. तेवढंही माझ्या तोंडातून फुटलं नाही.

परत येताना वाळूजच्या अलीकडे आपण टपरीवर थांबलो. मला वाटलं आता तू बोलशील, चार शिव्या घालशील आणि मग मला माफी मागता येईल. मी त्याचीच वाट बघत होतो. तू सिगरेटच्या रिकाम्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेनने लिहायला लागलास.

‘हे बघ. आधी शंभरानं भाग. बाकी अकरा, बारा, तेरा आली तर पुढचं काही बघायचंच नाही, टीएच. मग दहानं भाग, तुझं ते आहे तसं.’

‘शंभरानं कशाला? पन्नासच पोरं आहेत.’

‘आज पन्नास आहेत. उद्या कोणी एकशे अकरावा आला तर? त्यालाबी मंडपात उभं करायचं का?’

‘तुझं ते’ म्हणालास. तेवढाच काय तो उल्लेख. अजून न आलेल्या एकशे अकराव्या पोराची तुला काळजी होती आणि मला साधं तुझ्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणालो, ‘अजून एक चहा सांगू?’ तू म्हणालास, ‘सांग.’

मी का गप्प बसलो, हे मी स्वतःला सोळा वर्षांत वेगवेगळं समजावलं आहे. घाबरलो. सुचलं नाही. तूच सांगशील असं वाटलं. हेडमास्तर अचानक वाकले आणि बोलायला वेळच मिळाला नाही. हे सगळं मी रचलेलं आहे. खरं कारण मला त्याच खोलीत माहीत होतं. जूनमध्ये तू जाणार होतास आणि मागचं टेबल रिकामं होणार होतं. मला एकट्याला हे काम झेपत नव्हतं, आणि त्याहून खरं म्हणजे तुझ्याशिवाय मला त्या दुकानात बसवणार नव्हतं. हेडमास्तरांचं बोट तुझ्या नावावर गेलं तेव्हा मला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली, हमीद, मला बरंही वाटलं. आता हा कुठे जात नाही, असं वाटलं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आणि तू खरंच कुठे गेला नाहीस. पुन्हा कुठल्या शाळेत पाऊलही टाकलं नाहीस. ‘तू जा रे, तुझं बोलणं बरं,’ म्हणायचास. शाळाशाळांतले लोक मला सर म्हणायला लागले. तुझा आवाज त्यांना फक्त फोनवर ऐकू यायचा. क्लार्क मॅडमचं काही अडलं की त्या म्हणायच्या, ‘बाहेरच्या सरांना नको, आतल्या सरांना द्या.’ मग पडद्याआडून तुझं सुरू व्हायचं. ‘मॅडम, घाबरू नका, काही पुसलं जात नाही. आता वरच्या कोपऱ्यात बघा. दिसलं? शाब्बास.’ एका बाईंना तू अर्धा तास फोनवर धरून कॉलम जोडायला शिकवलं होतंस, आणि फोन ठेवल्यावर बाहेर येऊन म्हणालास, ‘जमलं तिला!’ इतका खूश मी तुला ईदलाही पाहिला नाही. तू शिकवायलाच जन्माला आला होतास. आणि तुला वर्ग मिळाला तो पडद्याआड, टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला.

या सगळ्यात तू माझ्याशी वाकडं वागलास असं एकदाही झालं नाही, त्याचाच मला जास्त त्रास होतो. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या दहाव्याला तू पहाटेच्या एसटीने कन्नडला आलास. नदीवर ऊन तापलं होतं. माझ्या म्हाताऱ्या चुलत्यांना चक्कर यायला लागली, तेव्हा सगळे विधी संपेपर्यंत तू त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलास. स्वतः उन्हात. ते मला नंतर विचारत होते, ‘तो पोरगा आपल्यातला कोण?’ मी म्हणालो, ‘आपलाच आहे.’ त्या दिवशीही सांगू शकलो असतो. नदीकाठी बसून माणूस काहीही सांगू शकतो. नाही सांगितलं.

दवाखान्यात तू नऊ दिवस होतास. सहाव्या दिवशी तुझ्या घशातली नळी काढली आणि मला पाच मिनिटं आत सोडलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मी स्टुलावर बसलो, तुझा हात धरला.

‘हमीद, ते गंगापूरच्या शाळेचं...’

तू डोळे उघडलेस. आवाज अगदी बारीक निघाला. ‘हां, त्यांचं गॅदरिंग जवळ आलं असेल. सर्टिफिकेटं छापून ठेव. चालवून बघ आधी.’

‘ते नाही रे. ते जुनं...’

‘जुनं चालतंय की. कायकू टेन्शन लेता?’

तू हसलास का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. ओठ हलले होते. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि वेळ संपली म्हणाल्या. मी त्यांना दोन मिनिटं मागितली असती तर त्यांनी दिली असती, बाई चांगल्या होत्या. मी मागितली नाहीत. उद्या सांगू म्हणून बाहेर आलो. सातव्या दिवशी तुला पुन्हा नळी घातली.

तू गेल्यावर दहा-बारा दिवसांनी मी गंगापूरला गेलो. ते हेडमास्तर कधीच निवृत्त झालेत, घरीच असतात. अंगणात पेपर वाचत होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. तू गेल्याचं सांगितलं तर खरंच हळहळले. ‘गुणी माणूस. शांत. इंग्रजी तेवढं कच्चं होतं.’ मी म्हणालो, ‘सर, तेच सांगायला आलोय. त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. ती चूक माझी होती. त्याने ती फाइल तोपर्यंत पाहिलीसुद्धा नव्हती.’

त्यांनी पेपरची घडी घातली. मग त्यांचे डोळे भरून आले. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, पोचलं.

‘मोठं मन आहे तुमचं,’ ते म्हणाले. ‘आजकाल भागीदार मेला की लोक सगळं त्याच्यावर ढकलून मोकळे होतात. तुम्ही त्याचं स्वतःच्या अंगावर घेताय.’

‘सर, अंगावर नाही घेत. खरंच मी लिहिलं होतं ते.’

‘अहो, मी स्वतः नाव वाचलंय. माझ्या या डोळ्यांनी.’

‘नाव त्याचं होतं, पण...’

‘राहू द्या. माणूस गेला, विषय संपला. मीही तेव्हा जरा जास्तच बोललो.’ आणि आत वळून बायकोला हाक मारली. ‘अगं, चहा टाक. आणि बाहेर ये जरा, बघ कसा माणूस आलाय आपल्याकडे.’

मी आणखी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर माझा आवाज चढला. त्यांना वाटलं, दुःखाने असं होतं. निघताना त्यांनी मला त्यांच्या झाडाचे पेरू दिले आणि पाठीवर हात ठेवला. चूक तुझ्या नावावर होती तिथेच राहिली, आणि वर माझ्या नावावर मोठेपणा जमा झाला. ते पेरू मी शेअर जीपमध्ये शेजारच्या बाईंच्या पोरांना देऊन टाकले.

मग म्हटलं, कागदावर तरी दुरुस्त करू. दुकानात येऊन ती फाइल उघडली. मधल्या काळात आपण भाषा बदलली, सगळं पायथनमध्ये आणलं, पण तू वरची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली आहेस. लिहिणार हमीद. खाली शंभराची अट, मग दहाची. ओळींमध्ये जागा सोडलेली. मी लिहिलेल्या चिकट पाच ओळी कुठेच नाहीत. तेव्हा आपण जुन्या फाइली सांभाळून ठेवत नव्हतो, जुन्यावरच नवं चढवायचो. आता तिथे तुझं नाव पुसून माझं टाकलं तर ते चोरी ठरेल, कारण तिथे आहे ते सगळं बरोबर आहे आणि सगळं तुझं आहे. माझं त्यात काही उरलंच नाही. अकरा टाकून पाहिलं, टीएच आलं. एकशे अकरा टाकलं, टीएच आलं. फाइल बंद केली आणि तुझ्या खुर्चीतून उठलो.

राहिली नाझनीन. तिच्याकडे मी जात नव्हतो, टाळत होतो. पण काल फातेहा झाल्यावर माणसं पांगली, भाभी आत भांडी आवरायला गेल्या आणि ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तुला माहीतच आहे. ओढणीला हात पुसत म्हणाली, ‘काका, अब्बांचे सगळे प्रोग्राम मी एका जागी जमवतेय. तुमच्याकडच्या पण फाइली द्या ना मला.’ आणि तीच फाइल तिने उघडून दाखवली. म्हणाली, ‘आता यासाठी तयार कोडची लायब्ररी मिळते. पण मी अब्बांचंच वापरते.’

म्हटलं, हिला कळेल. ही शिकलेली आहे, हिला नाव आणि हात यातला फरक समजावून सांगता येईल. मी सगळं सांगितलं. कॉपी केलेली फाइल, पाच ओळी, मंडप, ते बोट, माझं गप्प बसणं. जूनचंही सांगितलं. मला तू जायला नको होतास, हेही. सोळा वर्षांत पहिल्यांदा सगळं सलग माझ्या तोंडून निघालं.

तिने मधे एकदाही अडवलं नाही. मग हळूच म्हणाली, ‘काका, मला माहितीय ती गोष्ट.’

‘माहितीय?’

‘अब्बांनीच सांगितली. कॉलेजात मी पहिला प्रोग्राम न तपासता जमा केला आणि सर सगळ्यांसमोर मला बोलले. मी रडत घरी आले होते. तर अब्बा म्हणाले, बेटा, मी तर भर मंडपात तोंडावर पडलो होतो. दहापर्यंत तपासलं आणि चहाला गेलो. म्हणाले, दिलीपकाका सोबत होते म्हणून त्या दिवशी निभावलं.’

 तू तिला माझी चूक दिली होतीस, तुझी म्हणून. चहासकट दिली होतीस. मी चहाला गेल्याचं मी तुला कधी सांगितलं नव्हतं, पण वीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. त्या चुकीने तुझा वर्ग गेला आणि त्याच चुकीवर तू घरात तुझ्या एकुलत्या विद्यार्थिनीला धडा शिकवलास.

‘बेटा,’ मी म्हणालो, ‘ते तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं त्याने. तसं झालं नव्हतं.’

तिचा चेहरा बदलला. चिडली नाही, पण पाठ ताठ झाली. ‘काका, अब्बा माझ्याशी कधीच खोटं बोलले नाहीत. एवढं मला माहितीय.’

आता मी काय करायचं होतं, हमीद? तू सांग. पुढचं एक वाक्य बोललो असतो तर कदाचित तिने मानलं असतं. पण ते वाक्य असं होतं की तुझे अब्बा तुझ्याशी खोटं बोलले. ते मी तुझ्या बिसव्याला, तुझ्या घरात, तुझ्या पोरीला सांगायचं? तुझं नाव साफ करायला मी निघालो होतो, आणि साफ करायचं तर आधी तिच्या मनातलं तुझं नाव खराब करायचं. तू हे मुद्दाम केलंस का रे? मला वाचवायला केलंस की मला गप्प बसवायला? की तुला हे इतकं क्षुल्लक वाटत होतं की घरात पोरीची समजूत काढायला ते सहज वापरून टाकलंस? मी तुझ्याशी भांडायला तयार आहे, पण समोर कोण आहे?

मी म्हणालो, ‘हो गं. माझाच काहीतरी घोळ होत असेल. लई वर्षं झाली.’

तिची पाठ सैल झाली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, ‘अब्बा म्हणायचे तसेच आहात तुम्ही.’ कसे म्हणायचास, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला, घोट घेतला. ती उभी राहून बघत होती.

‘साखर बरोबर आहे ना, काका?’

‘बरोबर आहे,’ मी म्हणालो.

काल तुझ्या घरात माझं एवढंच बोलणं खरं धरलं गेलं.